मागची सीट

नागसेनने स्टीलची पट्टी पुन्हा एकदा शॉकअपच्या नळीला लावली, चष्मा कपाळावर सरकवला आणि आकडा जवळून वाचला. एकतीस मिलिमीटर.

“चुकलं का काही?” वर्षालीने विचारलं.

“थांब जरा.”

आकुर्डीतल्या घरामागची पत्र्याची शेड रविवारच्या दुपारी तापली होती. चौऱ्याऐंशी सालची ती साडेतीनशे सीसीची गाडी पुढचं चाक लोखंडी शिकंज्यात धरून सरळ उभी होती. दोन्ही चाकं जमिनीवर, सीटवर कोणी नाही, साधं फडकंही नाही. जुने, बारीक नळ्यांचे पुढचे शॉकअप काढून नागसेनने सकाळीच जाड नळ्यांचे नवे बसवले होते. स्प्रिंगा नव्या, तेल नवं, हँडलच्या मुळाशी बेअरिंग नवी. शेवटचं काम तेवढं उरलं होतं. रिकामी गाडी किती दबते, माणूस बसल्यावर किती दबते ते मोजायचं आणि त्याप्रमाणे स्प्रिंगचा ताण ठरवायचा. रिकामी असताना ती पुढून पंचवीस दबायला हवी होती.

सहा मिलिमीटर काही फार नव्हते. पण नागसेनची चौतीस वर्षं टूलरूममध्ये गेली होती. तिथे केसाएवढा फरकही कशामुळे पडला ते सांगावं लागे. कारण नाही असा फरक त्याने आजवर पाहिला नव्हता.

“तू म्हणालीस, खड्ड्यात पुढून खाडकन आवाज येतो?”

“रोज. मोशीच्या पुढं तर हात बधिर होतात.” वर्षाली चाकणच्या एका कंपनीत तपासणी विभागात होती. वडील गेल्यापासून कामावर त्यांचीच गाडी नेत होती. “म्हणून तर पुढचं बदलायला आणली. पण खरं सांगू का काका, गाडी कायम डबलसीट असल्यासारखी चालते. वळताना मागून कोणीतरी सोबत कलतं.”

नागसेन मागे गेला आणि उकिडवा बसला. मागचे शॉकअप तिने महिन्यापूर्वीच नवे घातले होते. रिकाम्या गाडीत ते वीस दबायला हवे होते. चाळीस दबले होते.

पुढे थोडं, मागे पुष्कळ. म्हणजे भार मागच्या सीटवर होता.

त्याने सीट उचकटून पाहिली. चेसीला हात फिरवला, सायलेन्सर हलवून पाहिला, चाकाची हवा तपासली. कुठे काही अडकलं नव्हतं, वाकलं नव्हतं. सीट परत बसवताना तिच्या रेक्झिनला त्याचा तळवा लागला. शेडमधलं बाकी सगळं चटका देत होतं. सीट मात्र कोमट होती, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

“तू कितीची?”

“बावन्न किलो.”

“मागं बस जरा.”

ती बसली. गाडी मागून आणखी सतरा मिलिमीटर खाली गेली. नागसेनने सुट्या भागांच्या खोक्यावर पेन्सिलने आकडे मांडले. बावन्न किलोंना सतरा, तर जास्तीच्या विसांना किती? हिशेब एकसष्टवर थांबला. तो त्याने पुन्हा केला. गेल्या मंगळवारी दवाखान्यातल्या काट्यावर तो स्वतः उभा राहिला होता, तेव्हाही काटा एकसष्टवरच थांबला होता.

त्याने खोकं उलटं करून ठेवलं.

“पप्पा मला कधी मागं बसू द्यायचे नाहीत,” वर्षाली उतरता उतरता म्हणाली. “लहान होते तेव्हा टाकीवर बसवायचे. मी हट्ट केला की म्हणायचे, मागं जागा नाही. मला वाटायचं चेष्टा करतात. जायच्या आधी म्हणाले, गाडीचं काही निघालं तर आकुर्डीला नागसेनकडंच ने. तुमचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.”

“पहिल्यांदा?”

“हो. तुम्ही दोघं एकाच कंपनीत होता ना?”

“होतो,” नागसेन म्हणाला. “या गाडीवर सोबत जायचो. बारा वर्षं.”

वर्षालीचा बाप किसन पुढे, तो मागे. सकाळी साडेसहाला कोपऱ्यावर दोनदा हॉर्न वाजायचा. थंडीत नागसेन किसनच्या रुंद पाठीआड डोकं लपवायचा आणि चाकणपर्यंत दोघं ओरडून गप्पा मारायचे.

नागसेन माठातलं पाणी प्यायला आणि परत येऊन पट्टी वर्षालीच्या हातात दिली.

“मागचा आकडा तू बघ. मी बसतो.”

त्याने पाय टाकला आणि मागच्या सीटवर बसला. दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवले.

“बसा ना काका.”

“बसलोय.”

वर्षालीने वर पाहिलं. त्याचे जमिनीपासून उचललेले पाय पाहिले. मग परत पट्टीकडे पाहिलं.

“किती?” त्याने विचारलं.

“चाळीसच.” तिचा आवाज उतरला होता. “हललंच नाही काही.”

घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली. त्याची बायको कस्तुरा कोणाशी तरी फोनवर बोलत होती. नागसेनला उतरावंसं वाटलं, पण तो उतरला नाही. आपलं वजन इथे आधीच मोजलं गेलंय, आणि ते एवढी वर्षं किसन रोज वाहत होता, हे त्याला कळून चुकलं होतं.

“वर्षाली,” तो म्हणाला, “तुझ्या पप्पांना कंपनीतून काढलं, ते का माहितीये?”

“लाइन बंद पाडली म्हणून. पप्पा म्हणायचे, मी पाडली नव्हती.”

“नव्हतीच पाडली. कॉम्प्रेसर बसला होता त्या दिवशी. पण तुझे पप्पा युनियनसाठी कंत्राटी पोरांच्या सह्या गोळा करत होते, साहेबांना ते नको होतं. मला केबिनमध्ये बोलावलं. कागद तयार होता. किसनने लाइन बंद केली, मी डोळ्यांनी पाहिलं, असं लिहिलेलं. मी टूलरूममध्ये होतो, काही पाहिलं नव्हतं.” तो थांबला. “सही केली मी.”

वर्षालीने पट्टी जमिनीवर ठेवली.

“दुसऱ्या दिवशी तुझे पप्पा नेहमीसारखे कोपऱ्यावर आले. हॉर्न वाजवला. मी बायकोला सांगायला लावलं, हे केव्हाच पुढं गेलेत म्हणून. तरी बराच वेळ गाडीचा आवाज येत होता. चार दिवस येत राहिले. मग त्यांच्या हातात पत्र पडलं. त्यानंतर मी कधी समोर गेलो नाही. मातीलाही आलो नाही.”

तिने विचारलं,

“पप्पांना माहीत होतं? सही तुमची होती ते?”

“मी कधी विचारलं नाही.”

ती उठली आणि दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकली. गाडीला आता तिचा हात नव्हता, कोणाचाच नव्हता. आणि तेव्हाच पुढचे नवे शॉकअप दबू लागले. झटका नाही, आवाज नाही. जाड, चकचकीत नळ्या तेलात सावकाश खाली गेल्या, आणि एखाद्या भारदस्त माणसाने पाय टाकून पुढच्या सीटवर बूड टेकवल्यावर स्थिरावतात तशा स्थिरावल्या.

“काका, तुम्ही हललात का?”

“नाही.”

दोघांपैकी कोणीही पट्टीला हात लावला नाही. मग नागसेनने सीटवर थोडं मागे सरकून घेतलं.