मुंग्या आणणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना, करड्या रंगाचा, तळहातावर मावेल एवढा डबा आहे. माझ्या पोटात बॅटरी असते आणि अंगातून दोन वायरी निघतात, एक लाल आणि एक निळी. वायरींच्या टोकांना रबराच्या चकत्या आहेत. त्या मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजात घालतात आणि पट्ट्याने माणसाच्या डोक्यावर बसवतात. मग मी अगदी हळुवार वीज सोडतो. ती इतकी थोडी असते की झटका बसत नाही, फक्त कातडीला मुंग्या येतात. म्हणून सगळे मला मुंग्यांचा डबा म्हणत.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. भिंगातून बघत एका बाईने माझ्या तारा जोडल्या, मला एकदा चालू केले, बंद केले आणि खोक्यात घातले. तिथून मी एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आलो. खोली छोटी होती. एक मागे कलणारी खुर्ची, एक हात धुण्याचे भांडे आणि एक खिडकी, जिच्यातून फक्त समोरच्या इमारतीचे पाइप दिसत.

तिथल्या डॉक्टरीणबाईंना एक प्रश्न पडला होता. आपला मेंदू भरपूर साखर खातो. त्याला बाहेरून थोडे डिवचले, तर तो आणखी खाईल का? आणि मग रक्तातली साखर उतरेल का? हे आजाऱ्यांवर नव्हे, आधी धडधाकट माणसांवर पाहायचे होते. माणसे सकाळी उपाशीपोटी येत, मी त्यांच्या डोक्यावर बसे, मग त्यांना पेलाभर गोड पाणी मिळे आणि थोड्या थोड्या वेळाने बोटातून थेंबभर रक्त काढले जाई.

यात एक गंमत होती. सगळ्यांना मी खरी वीज देत नसे. तुलनेसाठी काहींना सुरुवातीला जेमतेम अर्धे मिनिट मुंग्या आणायच्या आणि मग गुपचूप बसायचे. माझा दिवा मात्र तसाच जळत राही. संगणकाने दिलेले गुप्त आकडे माझ्यात दाबणाऱ्या तंत्रज्ञ ताईलाही कळत नसे की आज मी जागा आहे की झोपलेला. कळले तर ती नकळत हसेल, बोलेल, आणि मोजमाप बिघडेल. रक्तातल्या साखरेचा आकडाही अभ्यास संपेपर्यंत कुणाला सांगायचा नाही, असा नियम होता.

ताई कामात चोख होती, पण तोंडाला कुलूप नव्हते.

एके सकाळी पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आल्या. थेट तलावावरून आल्या होत्या, केस ओले. ताईने टॉवेल पुढे केला. "मॅडम, एवढं पाणी डोक्यावर राहिलं तर डबा गोंधळेल हो."

"मग मला का बोलावलंत? कोरड्या माणसांचा दुष्काळ आहे का इथे?"

दोघींचे जमले. बाईंनी सांगितले, घरी आई आहे, तिला साखरेचा जुना आजार, रोज सकाळी तलावावर जाण्याआधी तिला इन्सुलिन टोचावे लागते. "टोचताना तिच्याकडे बघवत नाही. मीच डोळे मिटते. विचार करा, टोचणारीच डोळे मिटते!"

मी माझे काम केले. दोन तासांनी शेवटचा थेंब घेऊन ताईने मीटर पाहिले आणि तिच्या तोंडून निघून गेले, "अरे वा! मस्त खाली आली की तुमची साखर!"

लगेच तिने जीभ चावली. पण बाईंनी ऐकायचे ते ऐकले होते. जाताना त्यांनी माझ्याकडे वळून पाहिले. इतके कौतुकाने माझ्याकडे कुणी कधी पाहिले नव्हते.

पुढच्या खेपेस त्या आईला घेऊन आल्या. आजी भिंतीला टेकून बसल्या. ताई माझा पट्टा बाईंच्या डोक्याला बांधत होती. तेवढ्या वेळात आजींनी पाण्याची बाटली संपवली, दुसरी मागितली आणि दोनदा बाथरूमला जाऊन आल्या. ओठ कोरडे पडले होते. बोलणे मात्र शाबूत.

"मला पण लाव गं तो डबा. लेकीचं डोकं तर लहानपणापासून बिघडलेलंच आहे, त्यावर काय वीज वाया घालवतेस!"

ताई हसली. "आजी, हा फक्त धडधाकट माणसांसाठी आहे."

तेव्हा बाई हळू आवाजात म्हणाल्या, "थोडा वेळ लावा ना तिला. कुणाला सांगणार नाही. मी तिच्या सुया बंद केल्यात."

ताईचे हात थांबले. "कधीपासून?"

"मागच्या वेळी इथून गेले तेव्हापासून. म्हटलं, यानं माझी साखर उतरते, तर तिचीही उतरेल. तोवर जरा पथ्य वाढवलं."

ताई धावत बाहेर गेली आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. त्यांनी आजींच्या बोटातून थेंब घेतला. मीटरवर आकडा आलाच नाही. साखर त्याच्या मापाच्या वर गेली होती. डॉक्टरीणबाईंनी खालच्या मजल्यावर फोन करून चाकांची खुर्ची मागवली. मग संगणकासमोर बसल्या.

ताई घाबरून म्हणाली, "मॅडम, यांची गुप्त नोंद उघडून बघितलंत तर मोजमापं बाद होतील."

"होऊ देत." त्यांनी पाहिले आणि त्या बाईंकडे वळल्या. "त्या दिवशी हा डबा बंद होता. पहिलं अर्धं मिनिट सोडलं तर यानं तुम्हाला काहीही दिलं नाही."

"पण मला मुंग्या आल्या होत्या!"

"तेवढ्या येतातच. डबा चालू वाटावा म्हणूनच ते अर्धं मिनिट असतं."

"मग साखर कशी उतरली?"

"तुम्ही धडधाकट आहात. गोड पाणी प्यायल्यावर साखर चढते आणि तुमचं शरीर ती आपली आपण उतरवतं. आईंचं शरीर ते करू शकत नाही. म्हणून सुई."

आजींनी लेकीचा हात धरला. "अगं, मी सुईला कुरकुरते ती सवयीनं. कुरकुर ऐकून कुणी औषध बंद करतं का, वेडे?"

चाकांची खुर्ची आली. बाई आईबरोबर निघाल्या तशाच, पट्टा डोक्यावर. वायर ताणली गेली, मी टेबलावरून खाली पडलो आणि निळ्या वायरीची खोबणी मोडली. मला उचलायला कुणी थांबले नाही. ते योग्यच झाले.

त्यानंतर माझ्या जागी पडदा असलेले नवे यंत्र आले आणि मी कपाटात गेलो. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचे उत्तर काय निघाले, मला ठाऊक नाही. दार उघडे राहिले की बोलणे कानावर येते, तेवढेच. कुणाची साखर उतरते, कुणाची नाही, अजून माणसे हवीत, असे काहीसे.

एकदा मात्र बाईंचा आवाज आला. त्या ताईला सांगत होत्या, आई खालच्या वॉर्डमध्ये काही दिवस राहून घरी आली. "आता टोचताना डोळे उघडे ठेवते मी. ती म्हणते, बघ नीट, नाहीतर खुर्चीला टोचशील."

मित्रांनो, मला कपाटातून काढा, पुसा, असे माझे मागणे नाही. माझ्यासारखे डबे पुढे पुष्कळ निघतील आणि त्यातला एखादा कदाचित खरेच उपयोगी पडेल. तो डोक्याला लावून कुणी हसत बाहेर आले, तर त्या माणसाला जरूर प्रश्न विचारा. पण तो लावणारे डॉक्टरच अजून उत्तर शोधत असतील, तर त्यांचा शोध पुरा होऊ द्या. तोवर घरातल्या माणसाला सुई रोजच्या वेळेला द्या. कुणी कुरकुरले, तरी द्या.