देवघरातलं दूधपाणी आणि माझे काळे डाग

मित्रांनो, मी एक जुना निवडुंग आहे. अंगाने गोल, सोनेरी काट्यांचा, मातीच्या कुंडीत बसलेला. वय अडतीस. आज माझी उंची निम्मीच उरली आहे. ती कशी गेली, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

अप्पासाहेबांनी मला लालबाग उद्यानातल्या फुलांच्या प्रदर्शनातून आणलं, तेव्हा मी लिंबाएवढा होतो. खरं तर त्यांच्या पत्नीने, सगुणाबाईंनी, गुलाबाचं रोप मागितलं होतं.

"गुलाब सांगितला होता मी. हे काय उचलून आणलंत?"

"गुलाबाला रोज पाणी लागतं. याला महिन्यातून दोनदा स्वल्प दिलं की झालं. तुझं तेवढंच काम कमी."

"आणि हे काटे?"

"तुझ्या घरात राहायचंय त्याला. तयारीने यायला नको?"

माझी रवानगी जयनगरच्या घराच्या गच्चीवर झाली. ते दिवस आठवले की अजूनही अंग उबदार होतं. शेजारी सांडगे वाळत असत. मुलांचे पतंग माझ्या काट्यांत अडकत आणि मग ती मलाच रागावत. उन्हाळ्यात माझ्या डोक्यावर पिवळी फुलं आली, की सगुणाबाई गल्लीतल्या बायकांना वर बोलावून दाखवत. अप्पासाहेब गेल्यावर मला पाणी घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. महिन्यातून दोनदा, एकेक पेला. कधी जास्त नाही, कधी कमी नाही.

मग जयनगरचं घर सुटलं. सगुणाबाई आपल्या मुलाकडे, बेळ्ळंदूरला एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर राहायला आल्या आणि त्यांच्याबरोबर मीही आलो. बाल्कनीत कुंडी एकच, माझी.

आता त्यांच्या घरची एक रीत सांगतो. देवांवर रोज दूध घालून अभिषेक होई. ते दूधपाणी कुणाच्या पायाखाली येऊ द्यायचं नाही, मोरीत तर मुळीच ओतायचं नाही. ते झाडाच्या मुळाशीच जायला हवं. जयनगरला ते अंगणातल्या कर्दळीला जाई आणि कर्दळ चांगली फोफावली होती. इथे कर्दळ नव्हती. म्हणून रोज सकाळी सगुणाबाई हात जोडून ते माझ्या मुळाशी सोडू लागल्या. मी काय बोलणार? इतक्या प्रेमाने दिलेलं मी पीत राहिलो.

चार महिन्यांत माझ्या बुंध्यापाशी एक काळा डाग उमटला. मग दुसरा, तिसरा. मुंग्यांची रांग लागली.

"आई, समोरच्या इमारतीच्या काचांचं ऊन याच्यावर पडतं. भाजलाय तो," सून चंदना म्हणाली आणि तिने मला कोपऱ्यात सावलीला सरकवलं. त्यामुळे माती जास्तच ओली राहू लागली.

सगुणाबाईंना वाटलं, दृष्ट लागली. त्यांनी मीठमिरच्या ओवाळून टाकल्या. डाग वाढतच गेले. शेवटी मी एका बाजूला झुकलो, तेव्हा चंदना हळूच म्हणाली, "आई, आता हा जाणार. टाकून देऊ या का?"

सगुणाबाई खुर्चीत बसल्या. "त्यांच्या हातचं एवढंच जिवंत उरलंय गं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चंदनाने रोपवाटिकेच्या हयवदनांना घरी आणलं. ते कन्नडात बोलत होते, मी मराठीत सांगतो. त्यांनी काट्यांतून अंगठा घालून एकेक डाग दाबून पाहिला. "हा खालचा तपकिरी भाग कडक आहे, तो वयाचा. हे काळे मऊ आहेत. आत कुजलंय. अक्का, पाणी किती घालता?"

"महिन्यातून दोनदा. त्याहून थेंबभर जास्त नाही. देवाशपथ."

हयवदनांनी चिमूटभर माती नाकाशी नेली. "मग हिला आंबलेल्या ताकाचा वास कसा येतो?"

सगुणाबाईंचा चेहरा उतरला. देवाच्या तीर्थाला त्यांनी कधी पाणी म्हणून मोजलंच नव्हतं. "म्हणजे मीच मारलं याला," त्या म्हणाल्या.

"अजून मेला कुठे, अक्का? वरचं अंग घट्ट आहे. सुरी आणा, बघू."

सुरी स्पिरिटने पुसून त्यांनी मला आडवा कापला. आतला गर तपकिरी निघाला. पुन्हा पुसली, पुन्हा वर कापलं. चार चकत्या गेल्या, तेव्हा कुठे आत स्वच्छ हिरवं दिसलं. जखमेवर दालचिनीची पूड लावली. "पंधरा दिवस सावलीत, वाऱ्यावर, मातीशिवाय. खपली धरली की जाड वाळू आणि विटेचा चुरा घालून लावा. मुळं धरेपर्यंत पाणी नाही. कसलंच नाही," ते म्हणाले.

"सरी, अण्णा," सगुणाबाईंनी कन्नडातच होकार दिला.

तेव्हापासून त्या अभिषेकाचं दूधपाणी तांब्यात घेऊन लिफ्टने खाली जातात आणि आवारातल्या वेगवेगळ्या झाडांना थोडंथोडं घालतात. गुडघे दुखतात. चंदना म्हणते, मी नेते. "तू चार दिवस नेशील आणि पाचव्या दिवशी सिंकमध्ये ओतशील," असं उत्तर तिला मिळतं.

मित्रांनो, झाडावर काळा डाग दिसला, तर घाईने औषध ओतू नका. आधी दाबून पाहा. कडक असेल तर असू द्या, मऊ असेल तर तेवढं कापा. आणि आपण त्याला रोज मायेने काय देतो, तेही एकदा आठवून पाहा. मला रागाने कुणी काही घातलं नव्हतं.

दीड महिना मी नुसता वाळूवर टेकलेला होतो. मुळं फुटली की नाही, ते माझं मलाही कळेना. काल सकाळी सगुणाबाई खाली वाकल्या. हाताला जुनं फडकं गुंडाळून त्यांनी मला अगदी हलकेच वर ओढून पाहिलं.

मी जागचा हललो नाही.