सहा गुरुवारांच्या चुका

मंदाकिनीबाईंचे कान चौऱ्याहत्तराव्या वर्षीही भलते तिखट. दोन मजले खाली कुकर लागला तरी ह्या वर बसून शिट्ट्या मोजायच्या. पण गुरुवारी नयना समोर येऊन बसली, की बाई ठार बहिऱ्या!

नयना एका कंपनीतली मुलगी. गोळ्यांची वेळ झाली की वाजणारी डबी ही कंपनी बनवत होती, आणि म्हाताऱ्या माणसांना कितपत आवाज ऐकू जातो ते घरोघर तपासणं हे तिचं काम. आवाज आला की बटण दाबायचं, बस्स. आकडे जुळले नाहीत तर पुढच्या गुरुवारी पुन्हा. बाईंनी हे पहिल्याच दिवशी हेरलं. हेरणार नाहीत तर काय, तीस वर्षं कॉलेजात मानसशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतलेली बाई ती! कुठे चुकलं की मुलगी परत येईल, हे त्यांना तोंडपाठ होतं.

वासणा भागातल्या त्या फ्लॅटमध्ये दुसरं येतं कोण? दूधवालासुद्धा पिशवी कडीला अडकवून पसार. म्हणून बाई सहा गुरुवार मुद्दाम चुकल्या. सकाळीच तिच्या फराळाला सेवखमणी आणून ठेवायच्या, इस्त्रीची साडी नेसायच्या. लाज वाटायची, नाही असं नाही; पण नयना आपल्या अर्ध्या गुजराती मराठीत "आजी, शांतीथी करा, घाई नथी" म्हणाली की ती लाज कुठल्या कुठे पळायची.

सातव्या गुरुवारी नयना खुशीत आली. "आजी, सगळ्यांत कमी ऐकू येतं ते तुम्हाला. तुमचे आकडे बघून आवाज दुप्पट करायचं ठरतंय. सगळ्या डब्यांचा!"

बाईंनी फराळाची बशी खाली ठेवली. एखाद्या हृदयाच्या दुखणेकऱ्याच्या उशाशी ती डबी किंचाळली तर?

"थांब. मला सगळं ऐकू येत होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! खोटं वागले मी. घे, पुन्हा तपास."

सात मिनिटांत तपासणी आटोपली. एक चूक नाही. नयना जुने आकडे खोडायला लागली आणि एका रिकाम्या चौकटीशी अडली. "इथे कारण लिहावं लागतं, आजी. मशीन बिघडलं होतं, असं लिहू?"

"मुळीच नाही. त्या बिचाऱ्या मशीनवर आळ कशाला? लिही, बाई एकटी राहते. मुलगी परत यावी म्हणून चुकायची."

नयनानं खाली मान घालून लिहिलं.

"आता पुढच्या गुरुवारी कुणाकडे?" बाईंनी विचारलं.

"पाणीगेटला. एक आजोबा आहेत."

"एकटेच का गं?"

"हो."

"मग एक-दोन गुरुवार चुकू दे त्यांना," बाई म्हणाल्या. "लगेच पकडू नकोस."