रंभाबाईच्या पोटातली मी

मी एक गाठ बोलतेय. माझं घर सोलापुरात, रंभाबाईच्या पोटात. जठरामागे स्वादुपिंड नावाची एक आडवी ग्रंथी असते, तिच्या टोकाला.

माझा जन्म कधी झाला ते कुणालाच कळलं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी होते. मला एकच काम येत होतं, रक्तातली साखर उतरवणारा रस सोडायचा. पोट रिकामं झालं की इतर पेशी थांबतात. मी थांबत नसे.

रंभाबाई गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात होती, नवरा कुंडलिक मागावर. सासू बजाबाई घर सांभाळायच्या. नवरात्रात रंभाबाईचा तुळजापूरच्या आईचा कडक उपवास असे. एका संध्याकाळी घटासमोर तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, ती असंबद्ध बोलू लागली. शेजारच्या सारजाबाईंनी तिला कुंकू लावलं आणि आई अंगात आली म्हणून सांगितलं. ओटी भरली, तोंडात गूळ-खोबरं घातलं. थोड्या वेळाने ती शांत झाली. देवी प्रसाद घेऊन गेली, असं सगळ्यांनी मानलं.

मग बायका प्रश्न घेऊन येऊ लागल्या. कुणाची शेळी हरवलेली, कुणाची सून माहेरी बसलेली. सारजाबाईंनी जावयाला अक्कल कधी येईल ते विचारलं, तेव्हा बजाबाई म्हणाल्या, देवीला जमंल तेवढंच इचार की. आई यावी म्हणून त्यांनी सुनेला मंगळवार आणि शुक्रवारही धरायला लावले.

एकदा रंभाबाई हळूच म्हणाली, "आत्याबाई, मला लई भूक लागती वो. देवीला भूक लागती का?"

"गप. असं बोलू न्हाय."

मी वाढत होते. मला राग नव्हता, दयाही नव्हती. माझे कण रक्ताबरोबर यकृतात गेले, तिथे रुजले आणि माझंच काम करू लागले.

एका शुक्रवारी ती गिरणीत कोसळली. इस्पितळात डॉक्टरांनी शिरेतून साखरेचं पाणी दिलं, तेव्हा तिने डोळे उघडले. त्यांनी रक्त तपासलं, उजव्या बरगडीखाली दाबून पाहिलं. यकृत दगडासारखं लागलं. असा रोग क्वचितच दिसतो, आता कापून उपयोग नाही, असं त्यांनी कुंडलिकला सांगितलं. फक्त हिला उपाशी ठेवू नका, एक वेळही नाही. बजाबाईंनी उपवासांचं आणि अंगात येण्याचं सांगितलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, तो घाम, ती थरथर साखर उतरल्याची होती. घरी येऊन बजाबाईंनी चूल पेटवली.

आता त्या दुधात भाकरी कुस्करतात आणि सुनेला घास भरवतात. तिला चव लागत नाही, तरी ती तोंड उघडते. काल मंगळवार होता. वैरागहून एक बाई खण-नारळ घेऊन आली, आजारी लेकीचं विचारायला. बजाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"हितं देवी न्हाय, माय. माझी सून हाय. जेवायली हाय ती."

बाई खण-नारळ उंबऱ्यावर ठेवून निघून गेली.

वाचकहो, माझी आठवण ठेवू नका. पण उपाशी पोटी कुणी थरथरू लागली, तर तिला काही विचारू नका. आधी खायला घाला. रंभाबाईसाठी हे सांगायला उशीर झाला आहे. बजाबाई घास भरवतात, ती गिळते. मी माझं काम करते आहे.