उंबरा नसलेलं घर

"ना उंबरा, ना देव्हारा. याले घर म्हणते का कोणी?" कौशल्याबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या. "आणि वाघाले पाहायले चालले! त्यानंच आपल्याले पाह्यलं म्हणजे?"

"तुमाले पाहून पळून जाईन तो, आत्याबाई," छाया म्हणाली.

सासू-सुना अंगणात उभ्या असलेल्या ट्रॅव्हलरच्या पायरीवर बसून पडदे शिवत होत्या. पडदे छायाच्या जुन्या साड्यांचे. आत छायाचा नवरा कुलदीप गुडघे टेकून झोपायच्या फळीला स्क्रू पिळत होता.

वरवट बकाल गावात कुलदीपची ट्रॅव्हलर वऱ्हाडं नेणारी म्हणून प्रसिद्ध. वैशाखात ती गाडी आणि तिचा मालक, दोघंही घरी दिसायचे नाहीत. छायाच्या सख्ख्या भावाच्या लग्नाला हा गडी पाहुणा म्हणून आला नव्हता, ड्रायव्हर म्हणून आला होता. या वर्षी मात्र त्यानं आलेली सगळी वऱ्हाडं दुसऱ्या गाडीवाल्यांकडे वळवली, मागच्या सीटा काढून गोठ्यात रचल्या आणि पुढच्या काचेवरचं 'शुभविवाह' खरवडायला घेतलं. 'शुभ' चटकन निघालं. 'विवाह' काही केल्या निघेना.

आधी मेळघाट, मग पेंच, नवेगाव आणि शेवटी ताडोबा. जंगलात आपली गाडी नेऊ देत नाहीत, तर ती गेटाबाहेर लावायची, पहाटे जिप्सीतून आत जायचं आणि रात्री आपल्याच गाडीत येऊन निजायचं. हे खूळ मूळ अपेक्षाचं. सातवीतली ही पोर मागे एकदा मोबाईल घेऊन बापामागे फिरली होती. त्यात परदेशातलं एक कुटुंब गाडीतच रांधत होतं, गाडीतच निजत होतं, आणि खिडकीबाहेर हरणं चरत होती. "बाबा, आपली गाडी अशी करा ना!"

"लग्नसराई सोडून? डोकं फिरलं काय पोट्टे तुह्यं?" कुलदीपनं तेव्हा तिला उडवून लावलं होतं.

मग हिवाळ्यात त्यांना अकोल्याला जावं लागलं.

अपेक्षा तिन्हीसांजेला दाराच्या चौकटीला धडकायची. दिवाळीत तिनं स्वतःच काढलेल्या रांगोळीत पाय दिला, तेव्हा सगळे खदखदून हसले. छायाच तिला 'वेंधळी' म्हणाली. त्या एका शब्दासाठी छाया पुढे कितीदा तरी मोरीत जाऊन, नळ सोडून रडली.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी पोरीला बाहेर बाकावर बसवलं आणि आईबापांना सगळं सांगितलं. आधी रात्र जाते. मग कडेकडेनं दिवस. मधोमध थोडं उरतं, ते किती टिकेल सांगता येत नाही. यावर औषध नाही. "जे दाखवायचं ते दाखवून घ्या," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून पुसला.

परतताना शेगाव सुटलं. मग कुलदीप मान न वळवता म्हणाला, "अपे, ते चाकांवरचं घर करायचं का बे आपण?"

पोरगी टाळ्या वाजवून थांबली. बापाच्या पाठीकडे जरा वेळ पाहत राहिली. छायानं ते पाहिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

कौशल्याबाईंच्या घरात वंगाळ बोलायची बंदी. घराच्या आढ्याशी वास्तू बसलेली असते, ती तुमच्या प्रत्येक शब्दाला तथास्तु म्हणते, असं त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलेलं. म्हणून या घरात फुटलेली बांगडी 'वाढायची', आणि डब्यातलं मीठ कधीच संपायचं नाही, फक्त 'आणायचं' असायचं. अकोल्याची गोष्ट छायानं सासूला सांगितली तीसुद्धा विहिरीवर, घरापासून लांब. ती गोष्ट मग उंबऱ्याच्या आत आलीच नाही. नवरा-बायको बोलायचे ते गॅसच्या शेगडीबद्दल, पाण्याच्या जारबद्दल, पडद्याच्या मापाबद्दल. पडद्याच्या मापावर दोघं जितकं बोलले, तितकं लग्नापासून कशावरच बोलले नव्हते.

ऊन उतरलं. अपेक्षा अंगणातून आली. गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवत तिनं दार शोधलं, पायानं पायरी चाचपली. छायानं मुकाट्यानं आपले पाय बाजूला घेतले. पोरगी आत चढून मोठ्या खिडकीपाशी, आपल्या फळीवर बसली.

"थांब, गंमत पाय," म्हणून कुलदीपनं बटण दाबलं. पायरीपाशी दिवा, उशाशी दिवा, आणि खाली फळ्यांच्या कडेनं दिव्यांची पट्टीच्या पट्टी.

"इतके दिवे! मांडव घालून राह्यला का बे?" कौशल्याबाई बोलून गेल्या आणि दिवे कशासाठी ते आठवून त्यांनी जीभ चावली.

"राती उठावं लागते, आई."

"कोणाले?" अपेक्षानं विचारलं.

छायानं सुईत दोरा ओवायला घेतला. सुईत दोरा आधीच होता.

"आजी, या गाडीची वास्तुशांती करायची का?"

आजीला सुटल्यासारखं झालं. "गाडीची कोणी करते काय, बाप्पा? वास्तू जमिनीवरच्या घराले असते. हे तर आज इथं, उद्या तिथं."

"म्हणजे इथं तथास्तु म्हणायले कोणी नाही."

"नाही ना," कौशल्याबाई म्हणाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि हातातला पडदा त्यांनी तोंडाला लावला.

"मंग इथं सांगा ना मले," अपेक्षा म्हणाली. "बाबांनी लग्नं काऊन सोडली? माहीच खिडकी एवढी मोठी काऊन केली? शाळेतल्या बाई मले हात धरून पायऱ्या उतरवतात. सगळे गोड बोलून राह्यले. मी काही मांगितलं की लगेच भेटते. आधी भेटत होतं का?"

कुलदीप तोच स्क्रू पिळत राहिला. तो केव्हाच घट्ट बसला होता.

"आई, घरात नको बोलू. इथं बोल."

छाया उठली. काय बोलायचं ते तिनं मोरीत, चुलीपुढे, कितीदा तरी मनात जुळवलं होतं. आता त्यातला एक शब्द आठवेना. इथं बोललेलं खरं होत नाही, असं पोर समजून बसली होती. कोणी बोलो न बोलो, जे व्हायचं ते होतच होतं. ती आत चढली. मागं वळून तिनं घराच्या बाजूचं दार सरकवून बंद केलं, घराला ऐकू जाऊ नये म्हणून. मग लेकीच्या अगदी समोर बसली, तिला नीट दिसेल अशी.

"अपे," ती म्हणाली, "तुह्या डोळ्यांचं दिसणं जाऊन राह्यलं, बाई. हळूहळू सगळंच जाईन. त्याच्या पह्यले तुले वाघ दाखवायचा आहे."