चार डॉलरची जागा

रविकांतरावांनी आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री करून घेतली आणि बायकोची तपकिरी शाल त्या गारठलेल्या ॲल्युमिनियमच्या बाकावर नीट पसरली. अकरा नंबर पूर्ण झाकला गेला. दहाचाही थोडा भाग झाकला गेला, तो त्यांनी मुद्दाम तसाच राहू दिला. वाऱ्याने शाल उडू नये म्हणून वर थर्मास ठेवला आणि स्वतः शेजारी बसले.

बघायला खरं तर होतंच कोण? मॅचला अजून दीड तास होता. खाली मैदानावर दोघं जण पांढरे पट्टे तपासत फिरत होते. समोरच्या रांगा पावसाने ओल्या आणि चिटपाखरू नसलेल्या. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी गत होती.

जागा धरण्यात रविकांतराव मुरलेले. नागपूरला नाटकाला, लग्नाच्या पंगतीला आणि पुढे व्हँकुव्हरच्या मराठी मंडळाच्या दिवाळीलासुद्धा त्यांनी रुमाल टाकून अख्ख्या रांगा धरल्या होत्या. रुमाल पडला की जागा आपली, त्यावर कोणी हुज्जत घालत नाही. फरक एवढाच की आजवर धरलेली कोणतीच जागा त्यांनी आदल्या दिवशी स्वतःच विकलेली नव्हती.

झालं होतं असं. शीलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एका हॉस्पिटलातून रिटायर झालेल्या पॅथॉलॉजिस्ट. मुलगी ऊर्मी लहान असताना ती शेजारच्या तलावात पोहायला शिकायची, तेवढा वेळ काढायचा म्हणून त्या कॉलेजच्या या मैदानात येऊन बसायला लागल्या, त्या बसतच राहिल्या. ऊर्मीचं पोहणं संपलं, शिक्षण संपलं, लग्न झालं, ती व्हँकुव्हरजवळच्या कोक्विटलाममध्येच आईवडलांपासून चार गल्ल्यांवर राहायला आली. शीलाताईंची मॅच मात्र सुटली नाही. दर सीझनला तेच तिकीट, चौथी रांग, अकरा नंबर. आणि हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे. लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि बाकीच्यांनी येऊन अंगावर पडायचं. रविकांतराव एकदाच आले होते आणि हाफटाइमला घरी गेले होते.

"याला खेळ म्हणायचं तर रेशनची रांगही ऑलिम्पिकमध्ये घ्या," असं म्हणाले होते.

यंदा ऑगस्टमध्ये शीलाताईंचा उजवा गुडघा बदलला. आता ही कसली पायऱ्या चढतेय, असं रविकांतरावांनी आपलं आपणच ठरवून टाकलं. विचारलं मात्र नाही. घरातले सगळे पासवर्ड त्यांच्याच ताब्यात, त्यामुळे विचारायची गरजही पडली नाही. पडून वाया जाण्यापेक्षा चार पैसे आलेले बरे, म्हणून त्यांनी तिकीट रीसेलच्या साइटवर चढवलं. चाळीस डॉलर.

कोणी ढुंकूनही बघेना. कॉलेजची पोरं मॅच फोनवर बघणार, तीही अर्धीच. ज्यांनी वर्षानुवर्षं सीझनची तिकिटं घेतलेली, ते सगळे आता तिकिटं विकायला बसलेले. बाजारात नुसते दुकानदार, गिऱ्हाईक एक नाही. रविकांतरावांना त्याचाच चेव आला. रोज सकाळी चहाबरोबर ते दर बघायचे. कोणी पंधरा लावले की हे चौदा. कोणी दहा केले की हे नऊ. निवृत्तीनंतर इतकी मजा त्यांना कशातच आली नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी चार डॉलरला तिकीट गेलं, तेव्हा या गृहस्थांनी सोफ्यावर बसल्या बसल्या मांडीवर थाप मारली.

तेवढ्यात शीलाताई बेसमेंटमधून व्यायामाची सायकल मारून वर आल्या आणि घाम पुसत म्हणाल्या,

"उद्या ऊर्मी मला ग्राउंडवर सोडणारे. सीझनची शेवटची होम मॅच आहे."

"अगं, पण गुडघा?"

"गुडघ्यासाठीच तर रोज सायकल मारतेय. तुम्हाला काय वाटलं, बारीक व्हायला?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा! रविकांतरावांच्या तोंडचं पाणी पळालं. या बाईने जन्मात स्वतःसाठी म्हणून कधी काही मागितलं नव्हतं. साडी असो, सहल असो, 'तुम्हाला बरं वाटेल ते'. या अख्ख्या देशात तिची स्वतःची अशी ही एकच वीतभर जागा, आणि ती त्यांनी कॉफीपेक्षा स्वस्तात फुंकली होती. हे तिला कळलं तर ती भांडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती भांडली असती तर त्यांना एवढी भीती वाटली नसती.

मग त्यांनी त्याच साइटवर पार टोकाची दोन तिकिटं घेतली आणि एक गुपचूप शीलाताईंच्या फोनवर टाकलं. गेटवर बीप वाजलं की झालं. ती नंबर कशाला बघतेय, तिचे पाय तिला तिच्या जागी आणतील. उरला तो अकरा नंबर विकत घेणारा. एवढं मोकळं स्टेडियम असताना शाल बघून भला माणूस दुसरीकडे बसेल. या भरवशावर ते 'ग्रोसरी आणतो' सांगून सकाळीच घराबाहेर पडले होते.

भला माणूस आला तो थेट चौथ्या रांगेतच. चाळिशीचा, दारात मावणार नाही असा रुंद गोरा गडी, डोक्याला जुनी निळी टोपी आणि हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पांढरी शेवंती. शालीसमोर येऊन तो थबकला.

"इथे कोणी येतंय," रविकांतराव घाईघाईने इंग्रजीत म्हणाले. "पलीकडे पुष्कळ जागा आहे. तुम्हाला तिथून जास्त चांगलं दिसेल."

तो माणूस हलला नाही. शालीकडे बघत राहिला.

"तुम्ही त्यांच्या घरचे का?" त्याने हळूच विचारलं. "इथे बसायच्या त्यांच्या?"

"मी तिचा नवरा."

त्याने टोपी काढली. ओठ घट्ट मिटले. मग तो पुढे झाला आणि त्याने रविकांतरावांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"फार वाईट झालं," तो म्हणाला. "केव्हा गेल्या?"

रविकांतरावांना क्षणभर काही उमगेना. मग शेवंतीकडे लक्ष गेलं आणि त्यांनी हात सोडवून घेतला.

"अहो, नाही, नाही! काय बोलता! जिवंत आहे ती! गुडघा बदललाय फक्त. येतेय आत्ता, मुलगी सोडतेय तिला."

तो माणूस मटकन बाकावर बसला. आधी हसला, मग टोपीनेच डोळे पुसले, मग परत हसला. नाव ग्रँट. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी याच टीममधून खेळायचा, आता बर्नाबीच्या एका शाळेत मुलांना हाच खेळ शिकवतो. शाळेतल्या पोरांना स्वस्तात मॅच दाखवायची म्हणून तो रीसेलची साइट नेहमी चाळतो.

"सगळ्या जागा विकायला येतात," तो म्हणाला. "ही कधीच येत नाही. मी बघत असतो ना. यंदा एकदम दिसली. मला वाटलं, संपलं. त्यात किंमत रोज खाली यायला लागली. तीस, वीस, नऊ. घरच्यांनाही त्यांच्या जागेची पडलेली नाही, असं वाटलं. चार डॉलर बघितले तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, निदान कोणी परका तरी तिथे बसायला नको."

रविकांतराव थर्मासचं झाकण उघडझाक करत राहिले.

"पण तुम्ही तिला ओळखता कसे?"

"आवाजाने." ग्रँटने मैदानाकडे बोट केलं. "मी आलो तेव्हा गर्दी असायची. बँड, आरडाओरडा, खाली काही ऐकू यायचं नाही. मग लोक कमी होत गेले. माझ्या शेवटच्या वर्षी तर पार सामसूम. त्या शांततेत पहिल्यांदाच एक आवाज यायला लागला. तो आधीपासूनच येत असणार, आम्हालाच ऐकू येत नव्हता. 'दाव रे बाला!'"

त्याने ते इतकं मन लावून म्हटलं, की रविकांतरावांच्या अंगावर काटाच आला.

"अर्थ कोणालाच माहीत नव्हता. आमच्यातला एक म्हणायचा, ही शिवी आहे. दुसरा म्हणायचा, मंत्र आहे. पण कानावर पडलं की आम्ही जास्त जोरात पळायचो. आताच्या पोरांनाही विचारा. समोरच्या टीमला पाठिंबा द्यायला पाचशे लोक येऊ देत, आमची पोरं म्हणतात, आमच्या आजी आहेत. काय आहे त्याचा अर्थ?"

"पळ, माझ्या बाळा," रविकांतरावांनी सांगितलं.

ग्रँटने ते शब्द स्वतःशीच एकदा पुटपुटून बघितले. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पण शीला एवढ्या मोठ्याने ओरडते हे रविकांतरावांना कुठे माहीत होतं? घरी तिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर यायचा नाही. आपली बायको अशी कोणी आहे, असा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना एकाच वेळी अभिमानही वाटला, लाजही वाटली.

गेटवर शीलाताई दिसल्या. अंगात जाड जॅकेट, पायात बूट, एक हात कठड्यावर. एकेक पायरी चढून चौथ्या रांगेशी आल्या आणि नवऱ्याला बघून थांबल्याच.

"अगंबाई! तुम्ही इथे? ग्रोसरीचं काय झालं?" मग त्यांनी शेजारी पाहिलं. "आणि हा एकोणीस नंबर! ग्रँट! किती जाड झालास रे! आणि ही फुलं?"

ग्रँट ताडकन उभा राहिला. त्याने रविकांतरावांकडे एकवार बघितलं.

"तुमच्या नव्या गुडघ्यासाठी," तो म्हणाला. "यांनीच बोलावलं मला."

सुटका समोर हात जोडून उभी होती. रविकांतरावांनी फक्त मान डोलवायची होती. त्यांनी शाल उचलली, घडी केली, परत उलगडली.

"तो सांभाळून घेतोय मला," ते मराठीत म्हणाले. "मी तुझी जागा विकली होती, शीला. चार डॉलरला. त्याने घेतली. त्याला वाटलं, तू गेलीस."

शीलाताईंनी शेवंतीकडे बघितलं, इतक्या वर्षांत चारदा रंगवलेल्या अकरा आकड्याकडे बघितलं, आणि त्या बसल्या. फुलं मांडीवर घेतली.

"विचारायचं तरी होतंत," एवढंच म्हणाल्या.

मॅच सुरू झाली. इकडे जेमतेम दोनशे डोकी, तिकडे त्याहून कमी. खाली पोरं एकमेकांवर आदळत होती, त्याचा आवाज वरपर्यंत येत होता. शीलाताई बघत होत्या, पण तोंडातून शब्द नाही. निळ्या जर्सीतला एक पोरगा चेंडू घेऊन सुटला, पंधरा-वीस पावलांत पडला. उठताना त्याने वर चौथ्या रांगेकडे पाहिलं. दुसऱ्यांदा पडला, परत पाहिलं. ग्रँट काळजीने एकदा शीलाताईंकडे आणि एकदा रविकांतरावांकडे बघत होता.

रविकांतरावांना ती शांतता सोसेना. घरची शांतता त्यांनी आयुष्यभर सोसली होती, पण ही त्यांनी स्वतः विकत आणलेली होती. तिकडे कोणीतरी चेंडू घेऊन भन्नाट सुटला होता. रविकांतराव उभे राहिले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पंचाहत्तर वर्षांच्या छातीत होता नव्हता तेवढा दम काढून ओरडले,

"धाव रे! धाव! थांबू नकोस, बाळा! धाव!"

अख्ख्या स्टँडने वळून बघितलं.

"अहो!" शीलाताईंनी त्यांचं जॅकेट ओढलं. "अहो, खाली बसा! तो त्यांचा आहे!"

"त्यांचा?"

"पांढरा त्यांचा, निळे आपले. काय पण तुम्ही, शत्रूला पळवताय!"

ग्रँटने तोंड टोपीत लपवलं. रविकांतराव बसले. कान लाल झाले होते. शीलाताईंच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. मग थोड्या वेळाने, मैदानावरची नजर न काढता, त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"हे बघा. दहा यार्ड पुढे जायचं. तेवढं जमलं की चेंडू आपल्याकडेच राहतो. नाही जमलं की समोरच्याला द्यायचा."

"एका दमात जायचं?"

"तीन दमांत. अमेरिकेत चार संधी देतात. आपल्याकडे कॅनडात तीनच."

रविकांतरावांनी बोटांवर हिशेब केला. मग त्यांनी घसा साफ केला.

"माझ्या किती झाल्या?"

शीलाताईंनी वळून पाहिलं नाही. खाली पांढऱ्यांच्या हातून चेंडू निसटला, घरंगळला आणि एक निळा पोरगा त्याच्यावर झेपावला.

"दोन," त्या म्हणाल्या, आणि फुलं नवऱ्याच्या मांडीवर ठेवून उभ्या राहिल्या.