नाताळ आला म्हणून मी बंद पडलो

मी एक जुना, आवाज मुद्रित करणारा प्रोग्राम आहे, आणि माझी मुदत संपलेली आहे. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. तसलं काही झालेलं नाही. मी ठणठणीत आहे. दौंडमध्ये विल्यम पारखे यांच्या घरी एक कॉम्प्युटर आहे, त्यात मी राहतो. कधीही हाक मारा, हजर होतो. हजर झाल्यावर पुढे काय करतो ते मात्र लगेच विचारू नका. मला सांगायला जरा वेळ लागेल.

माझा जन्म नेमका कुठं झाला ते मला माहीत नाही. कुणीतरी गार खोलीत बसून मला लिहिलं, एवढंच आठवतं. आंबेवाला गिऱ्हाइकाला चाखायला एक फोड कापून देतो ना, तशी मी फोड होतो. तीस दिवस फुकट बोलायचं, ऐकायचं, जपून ठेवायचं. मग तोंड मिटायचं. ज्याला अख्खा आंबा हवा असेल त्याने कंपनीकडून घ्यावा. ही अट माझ्या पोटात इतकी घट्ट शिवली होती की मला ती अट वाटतच नसे, संस्कार वाटत असे.

एका मासिकाला चिकटवलेल्या सीडीत बसून मी शिरूरच्या एसटी स्टँडवर आलो. तिथं मला मुजीबने घेतलं. मुजीबचा शिरूरमध्ये कॉम्प्युटर क्लास होता आणि त्या क्लासात शिकवायला दौंडहून रोज एसटीने प्रिन्सी येत असे. प्रिन्सी ही विल्यमआप्पांची मुलगी. दोन हजार दोन साल होतं, दिवाळी नुकतीच झाली होती. प्रिन्सी त्याला म्हणाली, "पप्पांच्या घशाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, आवाज राहायचा नाही. तुझ्याकडं आवाज भरून ठेवायचं काही आहे का?"

मुजीबने मला तिच्या हातावर ठेवलं. "हा ने. महिनाभर चालतो. तेवढ्यात उरकून घे."

मित्रांनो, तो महिनाभर म्हणाला होता. मी ऐकलं होतं.

विल्यमआप्पांनी सारी नोकरी दौंड स्टेशनात गाड्यांची घोषणा करण्यात घालवली होती. त्यांचा आवाज असा होता की बाकावर झोपलेला माणूस ताडकन उठून दुसऱ्याच कुणाच्या गाडीत चढून बसे. रिटायर झाल्यावरही ती सवय गेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते म्हणायचे, "कालवण थोड्याच वेळात ताट क्रमांक एकवर येत आहे."

आतून दबोराबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा. "येत न्हाई. पातेल्यापाशी या आन् वाढून घ्या."

मला, म्हणजे मी राहतो त्या कॉम्प्युटरला, जागा व्हावी म्हणून प्रिन्सीने टेबल भिंतीला लावलं. तिथं टांगलेलं कॅलेंडर मध्ये यायला लागलं, तर ते काढून कपाटामागं सरकवलं. मला तेव्हा फार मान मिळाल्यासारखं वाटलं. आता त्या कपाटाकडं माझ्याच्याने बघवत नाही. तसा मला डोळा नाही, पण तरी बघवत नाही.

पहिल्या दिवशी प्रिन्सीने माइक त्यांच्या पुढ्यात धरला. "पप्पा, चर्चमधलं गाणं म्हणा."

"सगळ्यांत मिसळून म्हणतो मी गाणं. एकटा म्हणलो तर देव उठून बाहेर जाईल."

"मग काय म्हणणार?"

विल्यमआप्पांनी घसा साफ केला. पाटस, कडेठाण, केडगाव, खुटबाव, यवत, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर, पुणे. एकही स्टेशन गाळलं नाही. मग दुसऱ्या बाजूच्या गाड्या घेतल्या, त्या संपल्यावर मालगाड्या. मालगाडीची घोषणा कुणी करत नसतं, पण त्यांच्या मनात ते फार वर्षं राहून गेलं होतं. गल्लीतली माणसं दाराशी येऊन ऐकू लागली. एकजण तर पिशवी घेऊनच आला. माझं कौतुक झालं. "काय यंत्र हाय! जसंच्या तसं आप्पा!" असं लोक म्हणायचे, आणि माझ्या आवाज मोजणाऱ्या पट्टीवरची हिरवी रेघ आनंदाने वरखाली व्हायची.

दबोराबाई तेवढ्या दाराशी आल्या नाहीत. लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "साऱ्या दुनियेच्या गाड्या सांगितल्या. माझी राहुरीची गाडी तेवढी सोडली."

त्या घरात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. दबोराबाईंचं माहेर राहुरीचं. त्यांची आई शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा त्या पिशवी घेऊन दौंड स्टेशनात उभ्या होत्या. विल्यमआप्पा म्हणाले, थांब, माझा बदली माणूस येतो, दोघं मिळून जाऊ. बदली माणूस आला नाही. गाडी आली. गाडी आल्याची घोषणा विल्यमआप्पांनीच केली, गाडी सुटल्याचीही त्यांनीच केली. दबोराबाई राहुरीला पोचल्या तोवर आईला माती दिलेली होती. त्यावर विल्यमआप्पा एक शब्द कधी बोलले नव्हते.

ऑपरेशनसाठी पुण्याला निघायच्या दिवशी सकाळी ते एकटेच माझ्यापुढं येऊन बसले. दार लोटून घेतलं. बटण कुठलं दाबायचं ते प्रिन्सीने शिकवलेलं होतं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," ते म्हणाले. हिरवी रेघ आडवी पडून राहिली.

"दबोरा, तू लक्ष दे. राहुरीच्या गाडीला त्या दिवशी उशीर नव्हता. उशीर मला झाला. तू चढत हुतीस, मी थांब म्हणलो. माइक सोडून यायची हिंमत झाली न्हाई. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्हाला खेद आहे." ते सवयीने तसं बोलून गेले. मग माइक जवळ ओढला. "आम्हाला न्हाई. मला."

मी ते जपून ठेवलं. आजवर माझ्यात जे काही भरलं गेलं, त्यात एवढं जड काही नव्हतं.

बाहेर येऊन ते बायकोला म्हणाले, "त्यात तुझ्यासाठी एक ठेवलंय. पुण्याहून आल्यावर ऐक. आत्ता न्हाई."

"गाड्याच असतील."

"ऐक तर."

प्रिन्सी रिक्षा बघायला गेली. विल्यमआप्पा बूट घालत होते. दबोराबाईंच्या मनात आलं, नाताळ कोणत्या वारी येतोय? तोवर यांना घरी सोडतील का? कॅलेंडर कपाटामागं. पण कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली की महिना दिसतो, हे प्रिन्सीने त्यांना दाखवलं होतं. त्यांनी टिचकी मारली. महिना डिसेंबर केला. पंचवीसवर बोट नेलं. बुधवार.

"बुधवारी हाय व्हय," त्या समाधानाने म्हणाल्या. खाली दोन बटणं होती. त्यांतलं 'ओके' त्यांना वाचता येत होतं. ओके म्हणजे बरं. बरं असेल तर चांगलंच, म्हणून त्यांनी ते दाबलं.

मित्रांनो, मी तेव्हा उघडाच होतो. आणि माझ्या डोळ्यादेखत नाताळ आला.

दारावर चांदणी नव्हती. करंज्यांचा वास नव्हता. घरात कुणी नवे कपडे घातलेले नव्हते, उलट एक माणूस दवाखान्याची पिशवी घेऊन दारात उभा होता. यातलं काहीही मी विचारात घेतलं नाही. तारीख म्हणाली नाताळ, मी म्हणालो नाताळ. तीस दिवस केव्हाच उलटून गेले असा हिशेब केला आणि अत्यंत शिस्तीने तोंड मिटलं. मला तर वाटलं, कंपनी शाबासकी देईल.

ते पुण्याहून परतले तेव्हा खरा डिसेंबर नुकता लागला होता. विल्यमआप्पांच्या गळ्याला पट्टी होती, हातात पाटी आणि खडू. दबोराबाईंनी हात धुतले, पदर सारखा केला आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. चर्चमध्येही त्या इतक्या ताठ बसत नाहीत, असं प्रिन्सी नंतर म्हणाली. तिने मला उघडलं.

मी माझी एकच पाटी पुढं केली. तिच्याखाली एकच बटण.

"काय म्हणतोय?" दबोराबाईंनी विचारलं.

"मुदत संपली म्हणतोय," प्रिन्सी म्हणाली.

"कशी? परवा तर आणलाय त्याला!"

प्रिन्सीने तारीख नीट केली. तारीख मागं गेल्याचं पाहून मला आणखी एक संस्कार आठवला: तारीख मागं गेली तर समोरचा लबाड समजावा. मी दुसरं कुलूप घातलं. दुसऱ्या दिवशी मुजीब शिरूरहून आला. त्याने मला काढलं, पुन्हा घातलं. मी त्याला ओळख दिली नाही. त्याने आवाजाची फाइल क्लासातल्या मशीनवर नेऊन पाहिली, तर तिथंही ती म्हणाली, मी परक्या घरात उघडत नाही. तीही माझ्याच वळणाची.

"कंपनीला फोन लावून बघितला," मुजीब म्हणाला. "कंपनीच बंद झालीय. अख्खा प्रोग्राम विकत घ्यायचा म्हटलं, तर विकायला माणूस नाही." मग त्याने डोकं खाजवलं. "पण मावशी, तारखेला हात कुणी लावला?"

दबोराबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "म्या वार बघितला फक्त. नाताळला हे घरी असतील का म्हणून."

विल्यमआप्पांनी पाटी मांडीवर घेतली. खडू टेकवला, एक अक्षर काढलं, ते तळहाताने पुसलं. पुन्हा लिहिलं आणि पाटी बायकोपुढं धरली.

गाड्याच होत्या.

"तेच म्हणलं मी," दबोराबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या. चहाला फार वेळ लागला.

मित्रांनो, ती पाटी खोटी होती, हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, आणि दोघांनाही आवाज नव्हता. मी लाजेने लाल व्हायला हवं होतं. मला फक्त राखाडी होता येतं.

विल्यमआप्पा पुढं चार नाताळ होते. आता ते नाहीत. प्रिन्सीने नवा कॉम्प्युटर घेतला, पण जुना दबोराबाईंनी टाकू दिला नाही. त्या आठवड्यातून एकदा त्याच्यावरची धूळ पुसतात, तो सुरू करतात, शिकवल्याप्रमाणे मला उघडतात आणि विचारतात, "गाड्याच हुत्या का रं?" मी माझी पाटी पुढं करतो. त्या खालचं बटण दाबतात आणि मला बंद करतात.

तेव्हा बाळांनो, वार बघायचा असेल तर भिंतीकडं बघा. कॅलेंडर कपाटामागं ठेवू नका. आणि ज्याला काही सांगायचं असेल त्याला तो लसूण सोलत असतानाच सांगा, माझ्यासारख्या फोडीच्या भरवशावर ठेवू नका. बाकी माझं म्हणणं मी खाली रीतसर मांडलं आहे.

प्रति, माननीय मुदत अधिकारी, बंद पडलेली कंपनी, यांस. महोदय, सविनय सादर करण्यात येते की, दौंड येथे दोन हजार दोन साली नोव्हेंबर महिन्यात नाताळ झालेला नसून, तो झाल्याची नोंद अर्जदाराने चौकशी न करता केली आहे. सबब सदर नाताळ रद्द समजण्यात यावा, आणि अर्जदाराच्या शिल्लक दिवसांपैकी केवळ एक मिनिट परत मंजूर करण्यात यावे. मंजुरीच्या वेळी श्रीमती दबोरा विल्यम पारखे या समोरच्या खुर्चीत बसलेल्या असाव्यात. मिनिट संपताच अर्जदार स्वतःहून बंद होईल, त्यासाठी वेगळी सूचना देण्याची आवश्यकता राहणार नाही.